सावलीमामा आणि बारा पस्तीसचा मुहूर्त

तमाम डोंबिवलीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी आपल्या शहरातली सावली संपली होती. कमी झाली नव्हती, संपली होती. या घटनेची कुठे बातमी आली नाही, चौकशी झाली नाही आणि कोणी राजीनामाही दिला नाही. पण त्या दुपारी आमच्या गल्लीतला एक माणूस सावलीवाचून हवालदिल झालेला मी स्वतः पाहिला, म्हणून हे निवेदन.

त्या माणसाला आम्ही सावलीमामा म्हणायचो. शहाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे, आणि इतके सडपातळ की विजेच्या खांबाच्या सावलीतसुद्धा मावतील. मामा उन्हातून चालत नसत. कधीच नाही. सकाळी मंडईकडे जाताना रस्त्याच्या एका कडेने, येताना दुसऱ्या कडेने, मध्येच तिरके, मध्येच एखाद्या टेम्पोच्या आडोशाने. गल्लीत नवीन आलेल्या एका बाईंना तर हा गृहस्थ सकाळीच घेऊन निघतो असं महिनाभर वाटत होतं.

“कसे आहात?” असं मामांनी कोणाला विचारलेलं मला आठवत नाही. ते विचारायचे, “कुठल्या बाजूने आलात?” या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणाऱ्याची धडगत नसे. मी एकदा बेसावधपणे सांगितलं, “शाळेच्या बाजूने.”

“अकरा वाजता? शाळेच्या बाजूने?” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलो होतो. “विनू, अरे पदवीधर ना तू? अकराला बँकेच्या भिंतीने यायचं. शाळेची भिंत चार वाजता. लक्षात ठेव, तुझ्या पोरांनाही सांग.”

पोरांना मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून अकराला मी बँकेच्या भिंतीने येतो.

हे सगळं वेड वाटावं असंच होतं, आणि त्याचं कारण पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरात असायचं. मामींना ऊन चालत नसे. अंगावर जरा ऊन पडलं की लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे, ताप चढायचा आणि मग आठ-आठ दिवस अंथरूण. डॉक्टरांनी “ऊन टाळा” एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता मामी म्हणजे घरात बसणारी बाई नव्हे. त्यांना भिशी हवी, भजनी मंडळ हवं, नवरात्रात टेंभी नाक्याची देवी हवी, आणि कोथिंबिरीची जुडी स्वतःच्या हाताने उलटीपालटी केल्याशिवाय त्यांना ती कोथिंबीर वाटतच नसे. दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, तू बस, मी आणतो. मामांनी कोथिंबीर आणली नाही. त्यांनी मंडईपर्यंतची सावली शोधून काढली. मग देवळापर्यंतची. मग भजनाच्या घरापर्यंतची. कोणत्या महिन्यात कोणती भिंत किती वाजता उपयोगी पडते, हे सगळं डोक्यात. मामी मागे आणि हे पुढे, अशी ती जोडी निघाली की रिक्षावाले शिव्या द्यायचे आणि मामी त्यांच्याकडे बघून हसायच्या.

गेल्या वर्षीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. आधीच्या वर्षी पावसाने हात आखडता घेतलेला, होळीच्या आधीच पंखे गरम हवा फेकायला लागले, आणि नळाला पाणी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग टँकरवाल्याच्या मर्जीने. वळवाची एक सर नाही. खिडक्यांना ओल्या चादरी लावा असं सगळे सांगत होते. पण चादरी ओल्या कशाने करायच्या ते कोणी सांगत नव्हतं. आमच्या मजल्यावरची मंडळी गारव्यासाठी खडवलीला नदीवर जाऊन आली आणि पाय भिजवण्याऐवजी खडकांवर तळवे भाजून परतली. मामा मात्र खुशीत होते. लोक आता त्यांचा सल्ला घ्यायला येत होते. “टीव्हीवर तापमान काय सांगतात?” ते म्हणायचे. “तापमान मला घामावरून कळतं. सावली कुठे आहे ते सांगा ना लेकांनो!”

अशा उन्हाळ्यात मामींच्या भाचीचं लग्न ठरलं. ऋचा म्हणजे मामींच्या हातावर वाढलेली पोर, आणि तिचा अंतरपाट मावशीने करायचा हे ती परकरात होती तेव्हापासून ठरलेलं. मामींनी पांढऱ्या कापडावर कुंकवाच्या रंगाच्या रेशमाने स्वस्तिक भरलं, कडेने वेल काढली. सगळं झालं आणि पत्रिका आली. मुहूर्त दुपारी बारा पस्तीस.

मामांनी तारीख पाहिली आणि खुर्चीत बसले. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोब्बर माथ्यावर असतो. खांब उभा असतो, त्याची सावली नसते. माणूस उभा असतो, त्याची सावली त्याच्याच पायाखाली जाते. आणि ती वेळ बारा पस्तीसच्या आसपासची! मामा हा दिवस दरवर्षी घरात, पडदे ओढून, जवळजवळ सुतक पाळल्यासारखा काढायचे. ते तडक गुरुजींकडे गेले.

“गुरुजी, तासभर पुढे घ्या.”

“मामा, मी पंचांग वाचतो, छापत नाही.”

मग ठरलं की पहाटेच निघायचं आणि हॉलवर जाऊन बसायचं. हॉल तसा जवळ, पण त्याच्या पुढचा रस्ता काँक्रीटसाठी खणून ठेवलेला. रिक्षा सोडाच, सायकल जाईना. चालतच जायचं होतं. पहाटे सगळीकडे सावलीच सावली. प्रश्न मिटला होता.

पण टँकर आला नाही. पहाटे पाचचा टँकर. टाकी कोरडी, नळ कोरडे, घरात फक्त प्यायचं पाणी. मामा म्हणाले, “अगं, तोंडावर पाणी मार आणि चल.”

“पारोशी जाऊ?” मामी कडाडल्या. “माझ्या हातचा अंतरपाट आहे तो. आंघोळ केल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही.”

माझी बायको आमच्या माठातलं पाणी घेऊन गेली, तेही त्यांनी परत पाठवलं. पोरं काय पिणार, म्हणाल्या. बाहेर सावल्या आखडत चालल्या होत्या. मामा खिडकीतून एकेक भिंत निकामी होताना बघत होते. टँकर आला अकरा वाजून गेल्यावर. मामींची आंघोळ, पैठणी, गजरा. बाराला पंधरा मिनिटं असताना ऋचाच्या आईचा फोन, “ताई, आहेस कुठे?” आणि बाराला आम्ही तिघं जिन्याखाली उभे. मामी, त्यांच्या कुशीत पिशवीतला अंतरपाट, मामा, आणि मामांची काळी लांब दांड्याची छत्री घेऊन मी.

“आज भिंतींचा उपयोग नाही,” मामा म्हणाले. “आज छपरांखालून जायचं.”

आणि निघाले! आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, मोडक्या कुंपणातून. तिथून एका कोचिंग क्लासच्या व्हरांड्यातून, चालू तासाला. सर म्हणाले, “कोण पाहिजे?” मामा म्हणाले, “कोणी नको, चालू ठेवा.” तिथून भोईरच्या गिरणीत. या गिरणीला पुढे एक दार आणि मागे एक दार, म्हणून मामांचा त्या गिरणीवर फार जीव. भोईर इथला मूळचा, गिरणीच्या जागेवर त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं. पिठाने पांढरा झालेला तो माणूस पैठणीकडे बघून हसला.

“मामा, दलन आनलंय का नवरी?”

“बाजूला हो रे, मुहूर्त आहे!”

गिरणीच्या मागच्या दाराबाहेर दुकानांचे पत्रे होते. पत्र्यांखालून आम्ही थेट कोपऱ्यापर्यंत आलो. आणि मग समोर तो खणलेला रस्ता. ना पत्रा, ना झाड, ना भिंत. पलीकडे हॉलचं दार, त्यावर झेंडूची तोरणं, आणि मधल्या पट्ट्यात पांढरं, सरळ, उभं ऊन. मी छत्री उघडली. कोरड्या मातीवरून एक वावटळ उठली, छत्रीने उलटी कोलांटी घेतली आणि तिच्या काड्या हातात राहिल्या.

मामा उभेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मामींच्या हातांकडे बघत होते. आतून लाउडस्पीकरवर गुरुजींचा आवाज आला, “वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे!”

“तू परत फीर,” मामा हळूच म्हणाले. “विनू नेऊन देईल अंतरपाट.”

मामींनी पिशवीत हात घातला आणि अंतरपाट बाहेर काढला.

“अगं, मुहूर्ताचा आहे तो!”

“मग मुहूर्ताला पोचवा. एक टोक तुम्ही धरा, एक विनू धरेल. मधे दुहेरी करा. वर घ्या, वर!”

आम्ही तो मामींच्या डोक्यावर धरला आणि निघालो. मातीचे ढिगारे, सळ्या, फळ्या. मामा मामींच्या बाजूने चालत होते आणि सारखे ओरडत होते, “विनू, उजवीकडे झुकव! तिचा कोपर बाहेर आहे!” कोपर आत आला. आम्ही हॉलच्या दारात शिरलो ते तसेच, अंतरपाट वर ताणलेला, खाली पैठणी नेसलेली बाई, शेजारी घामाने निथळणारा पुरुष.

आता आत बसलेल्या मंडळींचा विचार करा. तासभर मुठीत अक्षता, पोटात भूक, अंगाची काहिली. त्यांना फक्त अंतरपाट दिसला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “आले, आले!” स्पीकरवाल्याने सनई लावली, आणि सगळ्या मागच्या रांगांनी उठून मामा-मामींवर अक्षतांचा वर्षाव केला. त्या वर्षी डोंबिवलीत तेवढाच काय तो वर्षाव. गुरुजी माइकवर ओरडत होते, “थांबा! अक्षता टाकू नका! ती वधू नाही, मावशी आहे!” मामींनी पदराने तोंड झाकलं होतं. त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळायला मार्ग नव्हता. मामांच्या टकलावर तांदूळ चिकटले होते आणि ते इतके लाजले होते, जितके चाळीस वर्षांपूर्वी लाजले नसतील.

मुहूर्त साधला. अंतरपाटावर थोडी माती होती, ती फोटोतही दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारोदार फिरून सांगत होते, “एकही चट्टा नाही! येऊन बघा!” आणि मामी आतून ओरडत होत्या, “अहो, माझे हात काय प्रदर्शनात ठेवलेत?”

पाऊस त्या वर्षी जूनमध्येही आला नाही. ढग यायचे, बघून जायचे. आणि अशाच एका कोरड्या सकाळी मामा चहा पिता पिता गेले. भांडण नाही, तक्रार नाही. कप खाली ठेवला आणि गेले.

नातेवाईक येईपर्यंत दुपार झाली. गल्लीतली दुकानं बंद होती. भोईरनेही गिरणी बंद ठेवली होती, पण तिची पुढची-मागची दोन्ही दारं का कोण जाणे सताड उघडी होती. मामी खाली येऊ शकत नव्हत्या, अंगणात ऊन होतं. त्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत, पडद्याआड उभ्या होत्या. सकाळपासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या की त्यांना रडवा, नाहीतर आत कोंडून राहील. आम्ही मामांना उचललं. त्यांना कसलंच वजन नव्हतं. फाटकातून बाहेर पडून आम्ही सवयीने मोठ्या रस्त्याकडे वळलो, भर उन्हाकडे. आणि वर खाडकन खिडकी उघडली.

“अरे, उन्हातून कुठे नेताय त्यांना? गिरणीकडून घ्या!”