आबांचं गाऱ्हाणं खालून ऐकू आलं

आबांची वाचा गेल्यानंतरचा तो पहिलाच गणपती. थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. समजतं सगळं, शब्द मात्र फुटत नाही. आणि आम्ही पडलो मालवणी. पूजा झाली की घरच्या कर्त्याने गणपतीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. घरातलं काय असेल ते देवाला सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याशिवाय आमच्याकडे नैवेद्याला कोणी हात लावत नाही.

आई म्हणाली, "तूच घाल यंदा." आबांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. डावा हात उचलून ते कोपऱ्यातल्या माझ्या कम्प्युटरकडे बोट दाखवत राहिले. गेले आठ-दहा दिवस हेच चाललं होतं.

त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, माझं गाऱ्हाणं भरून ठेव, कसं होतं बघूया. पूजेच्या आधी, ते गणपतीपुढे एकटेच असताना मी माईक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोदकांचं भांडं उतरवायला आत पळाले. नंतर त्यांनी हेडफोन लावून ते एकट्याने ऐकलं. मी नाही ऐकलं. तेव्हा मी नुकतीच नवऱ्याचं घर सोडून भांडुपला परत आले होते आणि आबा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. घटस्फोट हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. पुढे झटका आला, मग तर प्रश्नच मिटला. त्यांचा राग गेला की नाही हे आता कधीच कळणार नाही, असं मी धरून चालले होते. त्यामुळे ती फाईल उघडायची माझी छातीच झाली नव्हती.

तर पूजा झाली, आई हात जोडून उभी राहिली, आबांची खुर्ची मी गणपतीसमोर सरकवली आणि फाईल लावली. आवाजच नाही.

आदल्या दिवशी मी कम्प्युटर अपडेट केला होता. सणाच्या तोंडावर हे उद्योग करणारी शहाणी मी एकटीच. माझ्या कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ऑफिसात मला लिनक्सवाली म्हणून चिडवतात, आणि कोणाचंही काही बिघडलं की माझ्याकडेच येतात. म्हटलं, होईल दोन मिनिटांत. साऊंडच्या सेटिंगमध्ये गेले तर आवाज मॉनिटरकडे वळवलेला. मॉनिटरला स्पीकरच नाही. बरं, आमचे टेबलावरचे दोन स्पीकर निवडावे तर यादीत त्यांचं नावच नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडून आवाजाचा मिक्सर पाहिला, एक पट्टी म्यूट होती, ती उघडली. काही नाही. टेबलाखाली शिरून मागची हिरवी पिन काढली, पुसली, परत खोचली. काही नाही. डोक्यावर टेबलाची कड बसली ती वेगळीच.

"अगो, झाला काय नाय?" आई म्हणाली. "निवेद्य थंड होता."

"थांब गं जरा. दिसतंय ना करतेय ते."

 आबा नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांना एवढी एकच गोष्ट हवी होती. वर्षभर मी लोकांचे कम्प्युटर नीट करत फिरते आणि बापाचा आवाज मला लावता येईना. रडायला येत होतं आणि रागही येत होता. शेवटी आवाजाची सगळी यंत्रणाच टर्मिनलमधून बंद करून पुन्हा चालू केली, व्हॉल्यूम शंभराच्या पुढे जाईल तितका ओढला आणि फाईल पहिल्यापासून लावली.

स्क्रीनवर पट्ट्या नाचायला लागल्या. खोलीत चिडीचूप.

आणि खिडकीतून आबा बोलले.

 आई गर्रकन वळली. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकीच्या खालीच सोसायटीच्या गणपतीचा मांडव. तिथून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा, आबांचा खणखणीत आवाज येत होता. "बा देवा गणपती म्हाराजा, लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे म्हाराजा."

काय झालं ते माझ्या लक्षात आलं. मागच्या वर्षी खालच्या मांडवातल्या ब्लूटूथ स्पीकरला मीच माझा कम्प्युटर जोडून दिला होता, आरतीसाठी. ती जोडणी स्पीकर आणि कम्प्युटर दोघांनीही लक्षात ठेवली. खाली कोणीतरी आत्ता स्पीकर चालू केला आणि माझ्या कम्प्युटरने त्याला धरलं.

खाली आरतीसाठी सगळी सोसायटी जमलेली. निम्मी मालवणी. गाऱ्हाणं कोण घालतंय, आबा तर बोलत नाहीत, हा विचार कोणीही केला नाही. कानावर पडलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम आलं, "व्हय म्हाराजा."

 गुरंढोरं, पोरंबाळं, गावचं घर, सगळं झालं, दर वेळी खालून हुंकार आला. मग आबांचा आवाज हळू झाला.

"माझा चेडू परत इला हा म्हाराजा. तेची काय चूक नाय."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. हे घरातलं होतं, आणि तीनही मजल्यांना ऐकू जात होतं. मी माऊसकडे झेपावले. आबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"तेका वाटता मी तेच्यावर रागावलंय. मी रागावलंय तो माझ्यावर. त्या घरात तेका मीच दिलंय. माका ता तोंडार बोलूक जमणा नाय, म्हणान तुका सांगतंय. जो कोण तेका नावा ठेवीत असात, तेची बुद्धी सरळ कर म्हाराजा."

खाली एकदम शांत झालं. तिथे त्या सगळ्या बाया उभ्या होत्या, ज्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, किती दिवस राहणार म्हणून. आपलीच बुद्धी सरळ कर, या मागणीला त्यांनी ‘व्हय’ तरी कसं म्हणायचं?  आबांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

आधी एकाच बाईचा आवाज आला. मग दुसरा. मग सगळा मांडव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

आईने पदर तोंडाला लावला. आबा गणपतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते, आणि मनगट अजून सोडत नव्हते. ते कशासाठी थांबलेत ते मला जरा उशिराच कळलं. खालच्या सगळ्यांनी म्हटलं होतं, मी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं. तेव्हा त्यांनी माझा हात सोडला.