हँडबॅग कोण मोजतं

खलिफा सिटीतला आमचा शेजारी कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन सांगतो. इंडियाला जायच्या आधी आम्ही सगळे आपापल्या बॅगा त्याच्याकडूनच उचलवून घेतो. या थंडीत त्याने कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला आणि त्यात अख्खं स्वयंपाकघर भरलं.

वाळवंटाकडे निघालो, तो आणि वहिनी पिकअपमध्ये, मागे आमची गाडी. वाटेतल्या वजनकाट्यावर कळलं, एवढा ट्रेलर त्याच्या पिकअपला ओढवणार नाही. हा लगेच, विमानतळावर करतो तसं, ट्रेलरमधलं सामान पिकअपमध्ये टाकायला लागला.

"हँडबॅग कोण मोजतं?"

"अहो, तेही पिकअपच नेणार ना?" वहिनी म्हणाल्या.

तो स्वतःच खो खो हसला. मग तांदूळ, पाण्याचे कॅन, शेगडी, सगळं आमच्या गाडीत आलं. तरी वजन जरासं जास्तच. तेव्हा, पिकअपच्या ज्या किल्लीला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, ती त्याने वहिनींच्या हातावर ठेवली.

"तू माझ्यापेक्षा हलकी. यल्ला, चल."

तो आमच्या मागच्या सीटवर बसला, मांडीवर कुकर आणि नजर पुढच्या ट्रेलरवर. वहिनी झोकात चालवत होत्या. प्रत्येक वळणावर इकडे हा पायाने ब्रेक दाबत होता.