भिंतीवरचं बटण

भिंतीवर बटण दिसलं, म्हणून मी उठून बोटाने दाबलं.

यूएईतल्या फुजैराच्या आमच्या तेल टर्मिनलमध्ये नवी कॉम्प्युटर सिस्टिम येत होती. तिचं पहिलं ट्रेनिंग. बटण म्हणजे प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेला नुसता उजेड. दाबून काही झालं नाही. माझ्या टकलाची सावली मात्र भिंतभर पडली. सगळे हसले. मीही हसलो. खरी चूक ती.

कारण मग प्रोजेक्टचा साहेब, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणाला, "अंकल, आप टच मत करो. पीछे बैठो. बस बोलते जाओ."

अठरा वर्षं मी इथला स्टोअरकीपर. कुठल्या पंपाला कुठला व्हॉल्व बसतो, कुठल्या खोक्यावरचं लेबल खोटं, सगळं माझ्या डोक्यात आणि वह्यांत. तीन आठवडे दाराजवळच्या खुर्चीतून मी सांगायचो, साहेब ते सिस्टिममध्ये टाइप करायचा. मधेच, "अंकल, जरा चाय बोल दो ना." मी चहा सांगायचो.

बायको-मुलगी शारजात, अल नहदाला. मी शनिवारी घरी जातो, बाकी आठवडाभर इथे, कंपनीच्या खोलीत. एकटा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोटं चालवून टायपिंगचा सराव करायचो. टेबल कधी हसलं नाही.

आज त्याने व्हॉल्वचा नंबर चुकवला. मी दाखवायला उठलो. हात कीबोर्डपर्यंत गेला. त्याने माझं मनगट धरून बाजूला केलं. सगळ्यांदेखत. मग टिश्यूने कीबोर्ड पुसला.

पुसला.

"यल्ला अंकल, बैठो."

नाही बसलो. माझं हिंदी तसं कामचलाऊ, रागात आणखी मोडतं. "टाइप मैं करेगा. नहीं तो बोलेगा भी नहीं. खलास." वही मिटली. बाहेर आलो. व्हिसा कंपनीचा. घरच्या दोघी माझ्या व्हिसावर.

घरी फोन लावला. मुलीने घेतला. अर्धं ऐकूनच म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट मेक अ सीन." आणि आईकडे दिला.

बायकोला सगळं सांगितलं, भिंतीवरच्या बटणासकट. एरवी माझ्या फजितीवर ती पोट धरून हसते. आज नाही हसली.

"टिश्यूने पुसला?"

"हो."



"नोकरी गेली तर सामान मी बांधीन," म्हणाली. "पण उद्या परत त्या दाराजवळच्या खुर्चीत बसलात ना, तर शनिवारी घरी येऊ नका."