साडूंनी थांबवलेला स्लॅब

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत आमच्या साडूंनी बोटांनी ठोकून पाहिली नाही अशी भिंत नसेल. ते सरकारी ओव्हरसिअर. बांधकामं तपासणं हे त्यांचं काम, पण ते सुटीच्या दिवशीही त्यांना सोडत नसे. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी मांडवाचे खांब हलवून बघत. माझ्या मेव्हणीला बघायला आले तेव्हा सगळा वेळ वर आढ्याकडे नजर. सासऱ्यांना वाटलं, स्थळ गेलं. शेवटी हे म्हणाले, "मुलगी पसंत आहे. फक्त तिला त्या तुळईखालून उठवा."

ओव्हरसिअर कसं व्हायचं, हे विचारायला लोक मुलांचे मार्क घेऊन येत. नाते गावच्या एका गृहस्थांना ते म्हणाले, "डिप्लोमा करेल, परीक्षाही देईल. पण सख्ख्या मामाचं काम बंद पाडता येईल का त्याला?" गृहस्थ चहा न घेताच उठले. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

पुढे पोलादपूरला महामार्गालगत मी खानावळ बांधायला काढली. हातगाडीवर वडे तळून वर आलेला माणूस मी. गणपतीला गावी जाणारे मुंबईकर कशेडीचा घाट चढण्याआधी माझ्याकडे जेवले पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं, आणि त्यासाठी पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा होता. स्लॅबच्या दिवशी माणसं जमली, रिवाजाप्रमाणे मटण चुलीवर चढलं, आणि साडू आले. खाडीची खारी रेती आतल्या सळया खाते, म्हणून ते रेती चाखून बघत. चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. "बंद करा."

"साडूभाऊ, अर्धी बदलतो."

"म्हणजे अर्धाच स्लॅब टिकला तरी चालेल?"

"बरं, दोन पाण्यांनी धुतो!"

"नदीची आणा. आज नाही."

मी फावडं फेकलं, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. ते शांतपणे ढिगाभोवती फिरत राहिले. मुकादमबाई म्हणाली, "शेठ, कालवायचं तर काय नाय. मटन तरी उतरवू का?" सगळे जेवले. साडूही जेवले, वर रस्सा मागून घेतला! नवी रेती येईपर्यंत पाऊस आला आणि तो हंगाम गेला. तो राग मी आजही सोडलेला नाही.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. बरं झालं, म्हटलं. मग मी वरचा मजला काढला. नवे साहेब रस्त्यावरूनच म्हणाले, "चालू द्या." मिक्सर तयार, माणसं तयार. रेती नदीची, मी स्वतः उभं राहून भरून आणलेली. तरी पाय एका जागी ठरेना. शेवटी समोरच्या बूथवरून पुण्याला फोन लावला.

"वरचा स्लॅब घालतोय. या."

"आता मला तिथं काय अधिकार?"

"अधिकार कोण मागतंय? भांडायला या."

पलीकडे ते खोकले. "गुडघे गेले हो. एसटीत चढवत नाही आता." मग म्हणाले, "तुम्ही आहात ना तिथं?"

मी परत आलो. "शेठ, करायची ना सुरुवात?" मुकादमबाईने विचारलं. मी आधी ढिगातली चिमूटभर रेती जिभेवर ठेवली, मग हो म्हटलं.