दिवे खेळत नाहीत

दुकानदार माझ्याकडे बघून बोलायला लागला की सोनल त्या दुकानातून बाहेर पडायची. भांडण नाही, काही नाही. पर्स खांद्याला लावायची आणि पायऱ्या उतरायची. मागे उरायचो मी, आणि "सर, बजेट काय आहे आपलं?" असं मला विचारणारा तो गृहस्थ. कॉम्प्युटर तिला घ्यायचा होता, पैसे तिचे होते, कुठला भाग कशाला जुळतो हे तिला पाठ होतं, आणि प्रश्न मला. मी नुसता मामा. कॉम्प्युटर चालू करायचं बटण पुढे असतं की मागे, हेही मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तुळिंजमधली बरीच दुकानं आम्ही अशी मागे टाकली. पहिल्या दुकानात मला हसू आलं होतं. नंतर नंतर तो "सर" ऐकला की माझ्याच डोक्यात तिडीक जायला लागली.

सोनल माझ्या ताईची मुलगी. तिचे वडील लवकर गेले, तेव्हापासून ताई आणि ती मनवेलपाड्यात आमच्याच मजल्यावर, समोरच्या खोल्यांत राहतात. म्हणजे राहायच्या. ताई अजून आहे, सोनल आता पुण्यात असते. राग तिने मामाकडून घेतला असं सगळे म्हणतात आणि मी ते नाकारत नाही. आमच्या घराण्यात घेण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. फरक इतकाच की माझा राग तोंडावाटे निघून जातो, तिचा हातात उतरतो. ती चिडली की काहीतरी उघडायची, पुसायची, परत जोडायची. आमच्या घरातला मिक्सर तिच्या रागावर कितीतरी वर्षं चालला.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की आमच्या नात्यातले लोक हल्ली लग्नाकार्यात माझ्या शेजारी बसतात आणि पहिला घास घेण्याआधी विचारतात, "काय हो, तुमच्या भाचीने म्हणे कॉम्प्युटरसाठी नवरा सोडला?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. यांतल्या एकानेही तिला तो कॉम्प्युटर जोडताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. म्हणून लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती बिलं करायची. पगार झाला की घरखर्च ताईच्या हातावर ठेवायची आणि उरेल ते बाजूला. तिला खेळ खेळायचे होते, ते मोठे, जे फोनवर चालत नाहीत. तयार कॉम्प्युटर घे म्हटलं तर म्हणाली, तयार मशीनमध्ये दुकानदार आपल्या पैशांतले निम्मे न दिसणाऱ्या ठिकाणी वाचवतो आणि दिसणाऱ्या ठिकाणी दिवे लावतो. त्या काळात मला रंगीबेरंगी पंखे लावलेल्या काचेच्या पेट्या फार आवडायच्या. दुकानात त्या लुकलुकत असायच्या आणि मी प्रत्येकीपुढे थांबायचो.

"मामा, दिवे खेळत नाहीत," ती मला ओढून पुढे न्यायची. "जे दिसतं त्यावर पैसे घालायचे नाहीत. जे तापतं त्यावर घालायचे."

शेवटी स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकानदार भेटला, जो तिच्याकडे बघून बोलला. मग ती त्याच्याशी दर शनिवारी भांडायला जाऊ लागली. कॅबिनेटबरोबर, म्हणजे बाहेरच्या पेटीबरोबर, पॉवर सप्लाय फुकट देतो म्हणाला, तर हिने तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवला. आमच्या मनवेलपाड्यात वीज जाते कमी आणि लपंडाव खेळते जास्त. दिवा मंद होतो, मग एकदम भगभगतो, फ्रिज कण्हतो. असल्या विजेवर फुकटातला पॉवर सप्लाय लावला तर एक दिवस तो स्वतः जळेल आणि जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाईल, असं तिचं म्हणणं. तेव्हा बाकी सगळ्याला कात्री लावून आधी चांगला पॉवर सप्लाय घेतला. प्रोसेसर मधला. रॅम एकच पट्टी, शेजारी दुसरीला जागा ठेवून. मॉनिटर माझ्या ऑफिसातून निकालात निघालेला. कॅबिनेट पत्र्याचं, एका बाजूला पोचा आलेलं, म्हणून स्वस्त. राहिलं ग्राफिक्स कार्ड, खेळाचं चित्र पडद्यावर आणणारा भाग. नवं परवडत नव्हतं, जुनं घ्यावं लागणार होतं.

दुकानदाराने एक जुनं कार्ड पुढे केलं, "अगदी घरगुती वापरातलं." सोनलने ते नाकाला लावलं. मग पालथं करून स्क्रू पाहिले, पंख्याच्या मागे बोट फिरवलं. मासे घेताना ताई कल्ला वर करून बघते, तसं.

"हे घरातलं नाही. हे दिवसरात्र कुठेतरी भाजलंय," ती म्हणाली. "स्क्रू उघडून परत लावलेत. दुसरं दाखवा."

दुकानदार चिडला, मी चिडलो, चहा आला, आणि चहानंतर त्याने आतून दुसरं काढलं. ते तिने तिथेच त्याच्या मशीनला लावून, तापवून, पंख्याचा आवाज ऐकून मग घेतलं.

जोडणी ताईच्या खोलीत झाली. लोकरी सतरंजी उचलली, कारण तिच्यावरून चालून अंगात वीज साठते म्हणे, आणि दर भागाला हात लावायच्या आधी ती खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायची. आम्ही सगळे पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो, ताईने तर हातही जोडले होते. बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच. सोनलने सगळं परत सोडवलं, परत जोडलं, स्वतःला जे काही बोलायचं ते बोलली. शेवटी लक्षात आलं की पडद्याची केबल तिने कार्डाला लावायच्या ऐवजी भलत्याच खाचेत खुपसली होती. ती जागेवर गेली आणि पडदा उजळला. मी त्या मुलीला बारावी पास होताना पाहिलंय, नोकरी लागताना पाहिलंय. असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

मग रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून ती खेळायची. कुठल्या कुठल्या गावांची पोरं तिच्या टोळीत. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकून कोणीतरी "अरे, लडकी है" म्हणाला. ती खेळत राहिली. महिन्याभरात ती पोरं तिला विचारल्याशिवाय पुढे सरकेनाशी झाली. समोरच्या दारातून मला ऐकू यायचं, "थांब. मी सांगेपर्यंत थांब."

लग्न ठरलं वसईच्या खाडीकडच्या एका घरात. जुने शेतकरी लोक, आता वाडी आहे, शिवाय सिमेंट-रेतीचा धंदा. मुलगा निलेश, बोलायला गोड. पहिल्याच भेटीत सोनलने त्याला सांगितलं की तिच्याबरोबर एक कॉम्प्युटर येईल आणि तो तिचा असेल. तो "हो, चालेल ना" म्हणाला. हे माझ्यासमोर झालेलं आहे.

रुखवताच्या वेळी घोळ झाला. रुखवतात मुलीच्या हातचं मांडायचं, अशी आपली पद्धत. हल्ली ते सगळं भाड्याने किंवा विकत येतं. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तुळस, साखरेचा महाल, मुलीने त्यातल्या कशालाही बोट लावलेलं नसतं. सोनल म्हणाली, मी स्वतः बनवलेली एकच वस्तू या घरात आहे, ती मांडा. मी म्हटलं, रुखवतात ठेवलेलं मुलाकडे जातं, तुझी वस्तू तू तुझ्या बॅगेतून ने. ती चिडली. विकतचे रुमाल चालतात आणि हातचं चालत नाही, हा कुठला न्याय, असं विचारलं. शेवटी मी मान्य केलं. पोचा आलेला पत्रा मात्र तिच्या मामीला, म्हणजे माझ्या बायकोला, बघवेना. तिने हौसेने काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट आणलं; त्याच्याबरोबर तसलाच फुकटचा पॉवर सप्लायही आला. मामीचं मन मोडू नये म्हणून सोनलने आपलं सगळं सामान त्या काचेत हलवलं. फुकटचा डबा तेवढा कॅबिनेटच्या खोक्यात टाकला, आणि तो खोक्यासकट सासरी गेला.

मांडवात पापड-कुरडयांच्या शेजारी तो कॉम्प्युटर लुकलुकत होता. पाटी होती, "सोनलच्या हातचे". बायका थांबून बघत होत्या. पोरीचा ऊर भरून आला होता आणि माझाही.

सासरी तो हॉलमध्ये लागला. आधी धाकटा दीर जयेश त्यावर बसायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, वाडीवर पाय ठेवायचा कंटाळा. मग सासऱ्यांची रेती-सिमेंटची बिलं त्यावर निघू लागली, आणि ती बिलं सोनलनेच काढायची. खेळायला बसली की सासू यायची, "सून हॉलमधी बंदूक चालवते, लोक काय बोलतील?" जयेशने बंदूक चालवली तर लोक काही बोलत नसत. सहा महिन्यांनी तिने मशीन सुरू केलं तर पासवर्ड बदललेला. जयेशने मशीन आपल्या खोलीत नेलं होतं आणि त्याला विचारलं तर हसला. निलेशला सांगितलं. निलेश म्हणाला, "घरातलंच आहे ना. एवढं काय त्यात?"

ती त्या दिवशी फोनवर रडली, एकदाच. कॉम्प्युटरसाठी नाही. "मामा, निलेशला पहिल्या भेटीपासून सगळं माहीत होतं," एवढंच परत परत म्हणत होती. मग नाक ओढून म्हणाली, रविवारी ये, आणि चुंबकाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये, आईकडे माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मी गेलो तेव्हा जेवणं आटोपली होती आणि सगळे घरात होते. तिने जयेशच्या खोलीतून मशीन उचललं आणि हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवलं. सासूने विचारलं हे काय चाललंय. सोनल म्हणाली, माझी वस्तू नेतेय.

"तुझी कशी?" सासू म्हणाली. ती ओरडली नाही, समजावल्यासारखं बोलली. "रुखवतान आलं ते घराचं. घरात कोनाचं एकाचं काय नसतं, बाय."

"मग पासवर्ड एकाचाच का?" सोनलने विचारलं. निलेश खिडकीजवळ उभा राहून फोन बघत होता. मी तोंड उघडणार होतो, तिने हातानेच थांबवलं. तिने खिडकीच्या गजाला हात लावला, निलेशच्या अगदी शेजारी, आणि खाली बसली. मग एकेक निघू लागलं. कार्ड तिने पंच्यात गुंडाळलं. रॅम, प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा, मदरबोर्ड, शेवटी तो जड पॉवर सप्लाय. जयेश कडेने "वहिनी, माझा गेम अर्धा आहे" असं काहीतरी पुटपुटत होता. माझं रक्त उकळत होतं, आणि तिचे हात इतके शांत की एकही स्क्रू खाली पडला नाही.

मला वाटलं झालं. पण तिने माळ्यावरून त्या काचेच्या कॅबिनेटचं खोकं मागवलं, फुकटचा पॉवर सप्लाय काढला आणि रिकाम्या काचेच्या पेटीत बसवला. पंख्यांच्या वायरी त्याला जोडल्या. मग केसांतली पिन काढून वाकवली आणि त्याच्या मोठ्या जोडाच्या दोन भोकांत घातली, एक हिरव्या वायरीचं, एक काळीचं; तसं केलं की तो मदरबोर्डशिवायही चालू होतो म्हणे. प्लग लावला, बटण दाबलं. आत काही नसलेली पेटी लाल, निळी, हिरवी पेटली आणि पंखे मजेत फिरू लागले.

"रुखवत बघायला असतं," ती सासूला म्हणाली. "तुमचं तुम्हाला ठेवलंय. बघा."

रिक्षात पिशव्या मांडीवर घेऊन आम्ही निघालो. पॉवर सप्लाय तिने माझ्याकडे दिला. निलेश फाटकापर्यंत आला होता, पण फाटकाबाहेर आला नाही. त्याने एक पाऊल पुढे टाकलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असं ताई अजून म्हणते. ते पाऊल वर्षभरात पडलं नाही. सोनलने पुण्याला नोकरी घेतली. मशीन पुन्हा त्या पोचा आलेल्या पत्र्यात आहे, दुसरी रॅमची पट्टी तिने तिथे घातली.

परवा वसईकडचा एक ओळखीचा सांगत होता, ती पेटी त्या घरात अजून आहे. आता गणपतीत मखराच्या बाजूला लावलीय, दिवसरात्र चालू असते, येणारे-जाणारे कौतुक करतात. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मी सोनलला फोन करून सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती माझ्यावरच उखडली.

"मामा, तो डबा दिवसरात्र चालवण्यातला नाहीये, आणि आत माझी पिन आहे. बाजूला मखराचा थर्माकोल, कापड. आत्ताच्या आत्ता फोन कर आणि बंद करायला सांग. माझा राग आहे तो माझ्याकडे राहू दे, त्यांचं घर जळायला नको."

मी फोन केला. निलेशनेच उचलला. सांगायचं होतं तेवढं सांगितलं आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्याने विचारलं, ती कशी आहे. ते त्याला सांगायचं मला काही कारण दिसलं नाही. मी फोन ठेवला.