खुरासणीची चटणी, पिशवीतली आणि बरणीतली

ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि दुपारी करायचं काय, हेच मला कळेना. म्हणून मी बायकोला चटणी कुटून देऊ लागलो. कारळ्याला आमच्याकडे खुरासणी म्हणतात. ती मंद आचेवर भाजायची, लसूण-मीठ-तिखट घालून लोखंडी खलबत्त्यात कुटायची. इंदिरानगरात आमच्या गल्लीत बायको पाव किलोची पिशवी ऐंशी रुपयांना विकायची. महिन्याला दहाबारा पिशव्या जायच्या, त्याही ओळखीवर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सुनेने गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात टेबल घेतलं. काचेच्या बरण्या आणल्या, झाकणांवर खणाच्या टोप्या बांधल्या, लेबल छापलं: ‘खलबत्त्यात कुटलेली खुरासणी चटणी’. किंमत एकशे नव्वद.

“चटणी तीच ना?” बायको म्हणाली. “मग हे लोकांना लुबाडणं झालं.”

“आई, बरणीला पैसे पडले, टेबलाला भाडं पडलं. आणि बाबांचे दंड दुखतात त्याचं काय? ते तुम्ही पिशवीच्या किमतीत कधी धरलंच नाही.”

मला हे फारच पटलं. बायकोला नाही. टेबलावर पिशव्याही ठेवायच्या आणि विचारेल त्याला खरं सांगायचं, या अटीवर ती आली.

सकाळपासून ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “दोन्हीत एकच चटणी आहे हो, वजनही सारखंच.” सून कपाळाला हात लावत होती. लोक मान डोलवायचे आणि बरणीच उचलायचे.

एका बाईंनी बायको काही सांगायच्या आधीच भाकरीच्या तुकड्यावर दोन्हींची चव घेतली. डोळे मिटून जरा विचार केला. “पिशवीतली बरी आहे, पण बरणीतलीला आमच्या आजीच्या हाताची चव आहे.”

बायकोला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती खुर्चीतच बसली. एकाच घाण्यातली चटणी आहे हे कळल्यावर त्या बाईही हसत सुटल्या.

“मग पिशवी देऊ?” मी विचारलं.

“छे हो, बरणीच द्या. भाऊबीजेला भावाकडे न्यायची आहे. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी कशी ठेवू?”

“हे मात्र खरं,” बायको एकदम म्हणाली. “मीही नसती ठेवली.”

त्यानंतर तिचं बोलणंच बदललं. “घरी खायची तर पिशवी घ्या, कुणाला द्यायची तर बरणी.” चार वाजेपर्यंत दोन्ही संपल्या.

निघताना ती बेदाण्यांच्या टेबलापाशी रेंगाळली. सुटे बेदाणे बरेच स्वस्त होते. तिने नक्षीच्या डबीतले घेतले. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, “काही बोलू नका. छान दिसतायत.”

घर येईपर्यंत आम्ही तिघांनी रिक्षातच ती डबी फस्त केली.