उखाण्यातलं नाव

सुमन आत तीळ भाजत होती. भाचीने विचारलं, "मावशी, तुला नेमकं काय म्हणायचं? लेस्बियन?"

शब्द वाईट नाही, पण मला नव्या चपलेसारखा चावतो.

तिळाच्या त्या वासाने मी मनाने पारनेरच्या एका जुन्या हळदीकुंकवात जाऊन बसले. बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव घेत होत्या. मी बिनलग्नाची, त्यामुळे मला नेहमी वगळायच्या. त्या वर्षी शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर वाण ठेवलं.

"तू बी घे की नाव."

"कुणाचं?"

त्यांनी तिळगूळ वाटणाऱ्या सुमनकडे पाहिलं. "जिच्यासंगं ऱ्हातीस, तिचं."

मी लाजून उठलेच. नाव ओठांवरच राहिलं.

"सुमनची म्हण," मी भाचीला सांगितलं.

आतून करपल्याचा वास आला. सुमन तीळ हलवायचं विसरली होती.